बहिणीशी मोकळं बोलल्यावर : मराठवाड्यातल्या बहिणींचे अनुभव

महालक्ष्म्या (गौरी) उठल्या. आपल्याकडं ज्येष्ठा-कनिष्ठा या दोघी बहिणी तीन दिवस शेजारी बसतात. माहेरी आलेल्या लेकी मात्र पुरण वाटण्यात आणि भाज्या चिरण्यात बुडालेल्या. यंदा आवरासावर झाल्यावर मी आणि अक्का गच्चीवर बसलो आणि पहिल्यांदा दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, दारूबद्दल बोललो. लहानपणी संध्याकाळ झाली की ती मला शेजारच्या काकूंकडं अभ्यासाला का धाडायची, ते आता कळलं. तुम्हीही लिहा. नावं नकोत, गाव-जिल्हा पुरे.
(परभणी)

औसा, जि. लातूर
30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीजवळचं आमचं गाव पडलं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, भार. त्याखाली माय गेली. ताई नऊ वर्षांची, मी दोनची. तिला आजीनं वाढवलं, मला मामीनं. मामाकडं मायचा फोटो देव्हाऱ्याशेजारी असायचा. "तुझी माय म्हणजे साक्षात लक्ष्मी", एवढंच ऐकत आले. ताईजवळ तिच्या आठवणी आहेत आणि ती त्या मला सांगत नाही, याचा फार राग यायचा.

मला मुलगी झाली तेव्हा ताई बाळंतपणाला आली. एका रात्री पोरगी रडायची थांबेना, मी वैतागून ओरडले. ताई म्हणाली, "अगदी मायवानी वरडतीस." मग बोलतच राहिली. माय तापट होती. चहा सांडला की पाठीत धपाटा. बांधावरून चुलत्याशी भांडायची आणि घरी येऊन गूळ-शेंगदाणे खात बसायची. भूकंपाच्या रात्री नवा फ्रॉक मळवला म्हणून तिनं ताईला मारलं, ताई रुसून ओसरीत आजीजवळ जाऊन झोपली. म्हणून वाचली. सगळे मायला देवी म्हणायचे, त्यांच्यापुढं माराचं कसं सांगणार? तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला मायच्या अंगाखालून काढलं, हेही त्याच रात्री कळलं.

फोटोतल्या लक्ष्मीची मला कधी आठवण आली नाही. या रागीट बाईची येते.

बीड
आईबाप ऊसतोडीला. दिवाळीच्या पुढंमागं टोळी निघायची. मोठीला बरोबर न्यायचे, धाकट्या भावाला सांभाळायला आणि कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीत) भाकरी थापायला. मी आजीजवळ, शाळेत. मला वाटायचं ती आईची लाडकी, तिला वाटायचं मी. एका लग्नघरात आमचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा हे दोघींच्याही तोंडून निघालं. भांडण तिथंच थांबलं. आता ती माझ्याकडं लिहा-वाचायला शिकायलीय. सहीपुरतं नाही, सगळं.

नांदेड
आम्ही बहिणी समोरासमोर बसलो की गप्प होतो. म्हणून मेथी निवडताना बोलतो, नजर भाजीवर असते. आईपुढं जुने विषय काढायचे नाहीत, एवढं ठरवलंय. तिला या वयात जाब विचारावासा वाटत नाही.

धाराशिव
वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं लेकीलाही वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतकाच वाटा आहे, हे दोघींना माहीत होतं. एकमेकींना विचारायचा धीर नव्हता. शेवटी मीच फोन केला. थोरली म्हणाली, "माझ्या हुंड्यापायी अण्णांनी दोन एकर विकलं. मला मागायला जीभ रेटत नाही." हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, नवरा गेल्यापासून मला जमिनीचा आधार लागतो, मी सोडणार नाही. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "नको सोडू."

तिनं सही केली, मी केली नाही. नातेवाइकांच्या बैठकीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. यंदा येळवसीला (वेळ अमावास्येला) दोघी भज्जी-आंबील घेऊन त्याच शेतात जाणार आहोत. भावालाही बोलावलंय, त्याचं उत्तर अजून आलं नाही.