‘फक्त महत्त्वाचे मेसेज’ ग्रुपवर शेट्येंच्या कोंबड्या

शेट्ये वहिनी (बंगला ९), सकाळी ६:४८
आमच्या चार कोंबड्या खुराड्यात मरून पडल्यात. पाचवी नाहीच. खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, नेमकी तीच नेली. अंडीपण फुटलीत. रात्री कुणी काही ऐकलं का?

खेडेकर (बं. ६)
वाईट झालं वहिनी. पण मी मे महिन्यातच म्हणालो होतो. राहत्या सोसायटीत कुक्कुटपालन म्हणजे मागच्या रानाला जेवायचं आमंत्रण.

शेट्ये वहिनी
पाच कोंबड्यांना कुक्कुटपालन म्हणत नाहीत भाऊजी. मे महिन्यात पाहुणे आले तेव्हा गावठी अंडी कुणाकडून गेली, तेही सांगू का?

रोहन (बं. ११)
रविवारी गटारी आहे. चोर दोन पायांचाही असू शकतो 😄

मोहिते मॅडम (बं. २)
🙏 ओला कचरा मागच्या गडग्यापलीकडे टाकू नये. 🙏

दामले (बं. ४, डोंबिवली)
शंभर टक्के बिबट्या. चिपळूण परिसरात सगळीकडे फिरतोय. लहान मुलांना बाहेर सोडू नका. कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं का?

सेक्रेटरी पाटणकर
दामलेसाहेब, डीव्हीआर खालच्या केबिनमध्ये होता. २०२१ च्या जुलैच्या पुरात गेला. नवीन घ्यायचा ठराव मंजूर आहे, वर्गणी पूर्ण जमली की घेऊ. कुणाची बाकी आहे हे इथे लिहीत नाही.

दामले
हा संदेश हटवला गेला

रोहन
आम्ही वाचला काका

खेडेकर
बिबट्या-बिबट्या काही नाही. निमकर काकूंच्या मांजरांनी केलंय. रात्रभर माझ्या सीलिंगवर धुडगूस असतो. आधी उंदीर आणि त्यांच्यामागे ही सात-आठ मांजरं.

निमकर काकू (बं. ७)
तीन मांजरं आहेत. तिन्हींची ऑपरेशनं मी माझ्या पैशाने केली आहेत. रात्री ती माझ्या पडवीत झोपतात. तुमच्या सीलिंगवर काय चालतं ते तुम्ही बघा.

मोहिते मॅडम
🙏 ओला कचरा मागच्या गडग्यापलीकडे टाकू नये. 🙏 फणसाची चारखंडं आणि कोळंबीची सालं कालही दिसली.

कदम गुरुजी (बं. १)
वहिनी, दोन गोष्टी सांगा. जखमा कुठे आहेत? आणि खुराड्यात शिरायला वाट कुठून झाली?

शेट्ये वहिनी
मानेवर आणि डोक्याच्या मागे. बाकी अंग शाबूत. दाराखालची फळी पावसाने कुजली होती, तिथली जाळी वर उचकटलीय. हाताचा पंजा जाईल एवढीच फट. आमचे हे मे महिन्यापासून फळी बदलणार होते.

शेट्ये (बं. ९)
हे इथे लिहायची गरज होती का?

कदम गुरुजी
मग ऐका. बिबट्याने एवढ्या फटीत हात घातला नसता, खुराडंच आडवं केलं असतं. कोल्हा कोंबडी उचलून नेतो, मागे पिसं राहतात. धामण अंडी-पिल्लं गिळेल, पण चार मोठ्या कोंबड्या मारून टाकून जाणार नाही. घार आणि मुंगूस दिवसाचे. दुपारी परड्यात कोंबडी गेली असती तर मी मुंगसाचंच नाव घेतलं असतं. हे काम रात्रीचं आहे. रानमांजर, जवादी मांजर नाहीतर कांडेचोर. बंद जागेत कोंबड्या फडफडायला लागल्या की हा प्राणी पिसाळल्यासारखा हलेल त्याला चावत सुटतो. फटीतून एकच ओढून नेता येते, बाकीच्या तिथेच राहतात. आमच्या गावच्या घरी एका रात्रीत अख्खं डालगं रिकामं झालं होतं.

निमकर काकू
धन्यवाद गुरुजी. खेडेकरांनी हे दोनदा वाचावं.

खेडेकर
गुरुजी ‘मांजर’ म्हणालेच आहेत.

कदम गुरुजी
रानमांजर म्हणालो. आणि कांडेचोर म्हणजे उदमांजर, ते मांजराच्या कुळातलं नव्हेच.

सावंत (बं. १०)
एवढी चर्चा कशाला? एका अंड्यात उंदराचं औषध भरून ठेवा. दोन दिवसांत विषय संपतो.

निमकर काकू
खबरदार! माझ्या मांजरांना काही झालं तर सरळ पोलिसांत जाईन.

सेक्रेटरी पाटणकर
सावंतसाहेब, असं काही करू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. विष घालणं सोडाच, सापळा लावून पकडलं तरी गुन्हा. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, लागला तर तिथे फोन करू.

दामले
वनखात्याकडून भरपाई मिळते. गाय-म्हैस, शेळी गेली की देतात. अर्ज करा.

रोहन
शेळी कुठून आणायची काका?

शेट्ये वहिनी
भरपाई नकोय. शाळेच्या रिक्षातून उतरल्या उतरल्या मुलगी आधी खुराड्याकडे पळते, तिला काय सांगू ते सांगा.

मनीषा (बं. ५)
वहिनी 😔 मेलेल्या कोंबड्यांचं काय केलंत? टाकू नका हं कुठे.

शेट्ये वहिनी
कलमाखाली खोल पुरल्या. वरून चुना घातला, दगड ठेवले.

सावंत
चार गावठी कोंबड्या पुरल्या?? गटारीच्या आठवड्यात??

शेट्ये वहिनी
रात्रभर चावून पडलेल्या होत्या. तुम्हाला हव्या होत्या तर पहाटे यायचं होतं.

कदम गुरुजी
ज्याने नेली तो आज रात्री परत येणार. खुराड्यापुढे वळचणीखाली, पाऊस लागत नाही तिथे चुलीतली राख चाळून पसरा. मांजर-कुत्र्याच्या ठशात चार बोटं उमटतात, कांडेचोराच्या पाच. मांजराची नखं चालताना आत असतात, कुत्र्याची उमटतात. म्हणजे ग्रुपवरची भांडणं तरी मिटतील.

रोहन
बं. ११ कडून जुना मोबाईल, रात्रभर व्हिडिओवर. चार्जर शेट्येंचा.

*दुसऱ्या दिवशी*

शेट्ये वहिनी, सकाळी ६:१५
(फोटो) पाच बोटं. 🙏 गुरुजी.

रोहन
मोबाईल अडीचला बंद पडला. त्याआधी एकदा लांब काळी शेपटी दिसते, गडग्यावरून सरळ बं. ६ च्या पागोळीवर. खेडेकर काका, मुक्काम तुमच्याकडे आहे.

खेडेकर
काहीतरीच. माझ्याकडे उंदीर आहेत.

मनीषा
थांबा थांबा. गेले काही दिवस रात्री दोन-दोन वाजता बासमती शिजल्यासारखा वास येतो आमच्या खिडकीत. मी यांना म्हणत होते, खेडेकरांकडे एवढ्या रात्री पुलाव कोण करतं?

कदम गुरुजी
तोच तो. उदमांजराच्या अंगाला तसा वास येतो. खेडेकर, छपरावर पपईच्या बियांसकट लेंड्या दिसतात का बघा. फळं हाच त्याचा मुख्य आहार, कोंबडी अधूनमधून. आणि मोहितेबाई दोन वर्षं एकच वाक्य लिहितायत, तेही जरा वाचा. गडग्यामागे रोज रात्री ताट वाढलेलं असलं की तो फिरत फिरत खुराड्यापर्यंत येणारच.

मोहिते मॅडम
🙏 ओला कचरा मागच्या गडग्यापलीकडे टाकू नये. 🙏

खेडेकर
पपईच्या बिया आहेत. उद्याच माणूस बोलावून ते भोक सिमेंटने बंद करतो.

कदम गुरुजी
घाई नको. आत पिल्लं असली तर कोंडून मरतील, मग आठवडाभर बासमतीचा वास येणार नाही, दुसराच येईल. आधी वर चढून नीट बघा. पिल्लं असतील तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत थांबा. नसतील तर तो अंधार पडल्यावर बाहेर गेला की लगेच बंद करा.

निमकर काकू
म्हणजे माझी मांजरं निर्दोष. कुणी काही बोलणार आहे का?

खेडेकर
👍

निमकर काकू
अंगठा?

शेट्ये (बं. ९)
फळी काढली. खाली चिऱ्याचा एक थर देऊन त्यावर दार बसवतोय. कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी जाळी नको, ती हाताने फाटते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणलीय, फूटभर जमिनीत पुरणार आणि बाहेरच्या अंगाला वळवणार, म्हणजे उकरत आलं तरी पंजा जाळीवरच लागेल. कडीला वर खिळा. दिवेलागणीला कोंबड्या आत. आणखी कुणाला सूचना करायची असेल तर घमेलं घेऊन या.

सावंत
कोंबड्या तर राहिल्याच नाहीत.

शेट्ये वहिनी
माहेरून चार तलंगा येतायत. गावठीच, राणीखेत रोगाची लस दिलेल्या.

खेडेकर
यासाठी मीटिंगमध्ये परवानगी घ्यावी असं माझं मत आहे.

मनीषा
आणि पाळीव उदमांजराची?

सेक्रेटरी पाटणकर
विषय इथे थांबवूया. ग्रुप महत्त्वाच्या मेसेजसाठी आहे.

दामले
एक मिनिट. आमचं घर तर वर्षभर बंदच असतं. आमच्या माळ्यावरही असलं काही नसेल ना? कुणी बघून येईल का?

सेक्रेटरी पाटणकर
बघतो. किल्ली कुणाकडे आहे?

दामले
डोंबिवलीला. गणपतीला येतो तेव्हा बघू.

रोहन
तोवर त्याच्या पिल्लांची नावं सभासद यादीत घाला पाटणकर काका. वर्गणी ती तरी वेळेवर भरतील.