मदत हवी आहे: अंगणवाडीतल्या मराठी मुलांसाठी छापील साहित्य

नमस्कार. मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात अंगणवाडी कार्यकर्ती आहे, नवीनच. प्रशिक्षण कन्नडमधून झालं, ‘चिलीपिली’ हा आमच्या राज्याचा अंगणवाडी अभ्यासक्रमही कन्नडच. मुलं घरी फक्त मराठी बोलतात. गाण्यावर जोरात टाळ्या वाजवतात, पण गोष्ट सुरू झाली की दाराकडे बघत बसतात. फार जीवाला लागतं.

महाराष्ट्राचा ‘आकार’ हा अंगणवाडी अभ्यासक्रम मिळवून पाहिला. गाणी-गोष्टी छान आहेत, पण विषयांचा क्रम आमच्याशी जुळत नाही. पर्यवेक्षिका म्हणतात, मराठीत बोला, नोंदी कन्नडमध्ये ठेवा. नोंदींची अडचण नाही, मला कन्नड लिहिता येतं. गावात रेंज नसते, त्यामुळे व्हिडिओ नकोत.

निपाणी-चिकोडीकडच्या ताईंनो, केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘आधारशिला’ अभ्यासक्रमाची मराठी प्रत कुणाकडे आहे का? आणि चिलीपिलीच्या विषयांना मराठी गोष्टी तुम्ही कशा जोडता?