नम्र चित्र फिकेच असावे लागते का?

रेखाटक: ‘चित्रातून नम्रता दाखवायची असेल, तर आकार लहान, रंग फिके आणि सही मागच्या बाजूला असावी,’ हे जलरंगी यांचे मत वाचून राहवले नाही. हे सारे नम्रतेचे सोंग झाले. डच चित्रकार रेम्ब्रांटचे 1665 च्या सुमाराचे, मागे दोन वर्तुळांच्या रेषा असलेले व्यक्तिचित्र पाहा. ते त्याचे स्वतःचेच आहे. मीटरभराहून उंच कॅनव्हास, जाड रंगलेपन, आणि चेहऱ्यावरची सैल कातडी किंवा नाकाचा फुगीरपणा यांतले काहीही झाकलेले नाही. रंगपाटी धरलेला हात मात्र चार फटकाऱ्यांत सोडून दिला आहे. स्वतःच्या चेहऱ्याला सवलत न देणे ही नम्रता आणि हात तेवढाच पुरे असे ठरवून थांबणे हा आत्मविश्वास.

जलरंगी: सोंग हा शब्द मला लागला. इटालियन चित्रकार मोरांदीने (1890–1964) वर्षानुवर्षे त्याच बाटल्या आणि डबे रंगवले. बाटलीची कड शेजारच्या डब्याच्या कडेला तो अशी भिडवतो की कोण पुढे आणि कोण मागे हे पाहणाऱ्याला थांबून ठरवावे लागते. जवळजवळ सारख्या राखाडी छटांमधला भेद पेलणे भडक रंगापेक्षा अवघड असते. आपण हे कधी करून पाहिले आहे काय?

कोळसा: आकार आणि रंग राहू द्या, सहीविषयी बोला. विद्यार्थिदशेत मला ‘नम्र राहा, सही मागे कर’ असे बजावले गेले. मी ऐकले, आणि पुढे एका संस्थेने तेच चित्र माझ्या नावाविना छापले. तक्रार केली तेव्हा चित्रावर नाव कुठे आहे, असे मलाच विचारले गेले. तेव्हापासून हा उपदेश ऐकला की माझा संताप होतो. नम्रतेचे धडे नेहमी ज्याच्या हाती काही नाही त्यालाच का दिले जातात?

जलरंगी: आपला संताप समजतो, पण एका संस्थेच्या गैरवर्तनावरून तत्त्व ठरत नाही. मायकेलअँजेलोने ‘पिएता’ या मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीच्या शिल्पात तिच्या छातीवरच्या पट्ट्यावर नाव कोरले, ते ऐन तरुणपणी, पुढे त्याने कोणत्याही कामावर सही केली नाही.

रेखाटक: तोपर्यंत त्याचे काम सगळे ओळखू लागले होते, नवख्याला ती सोय नसते. जर्मन चित्रकार ड्यूररच्या लाकूडठशांच्या (लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या) नकला इटालियन कोरीवकार राइमोंदीने ड्यूररच्याच आद्याक्षरांच्या चिन्हासकट कोरल्या, इतके त्या चिन्हाला मोल होते. सही म्हणजे मिरवणे नव्हे, चुकांसकट या कामाला मी जबाबदार आहे असे सांगणे होय.

कोळसा: आणि जलरंगी, आपल्या मोरांदीची सही कुठे असते, तेही सांगा.

जलरंगी: चित्राच्या पुढच्याच बाजूला, खाली, सहज वाचता येईल अशी. सहीबाबतचा माझा आग्रह मी मागे घेतो, मनापासून नव्हे, पण घेतो. रेम्ब्रांटच्या हाताबद्दल मात्र मी मुळीच सहमत नाही. ते चित्र अपुरे राहिले असण्याची शक्यता अभ्यासकांनीही मांडली आहे, आणि अपुरेपणाला आत्मविश्वास ठरवायचे असेल तर आधी ते पूर्ण होते हे दाखवून द्या.