अण्णांचे शर्ट, आईची लुगडी: जपलेल्या कपड्यांची गोधडी केलीय का कुणी?

कंबरतलाव
पावसाच्या आधी लोखंडी ट्रंक उन्हात रिकामी केली. तळाला अण्णांचे चट्ट्यापट्ट्याचे शर्ट, खाली आईची दोन इरकली लुगडी आणि त्यांची ती मोराची जेकार्ड चादर निघाली. अण्णा सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. भोंगा झाला की शर्टाच्या खिशात तंबाखूची चंची टाकून निघायचे. शर्ट हातात घेतला आणि मी तिथंच गच्चीत बसले. बायको गेलेले शेजारचे काका, आईविना राहिलेली भाची, सगळ्यांच्या ट्रंका अशाच भरलेल्या असणार असं वाटलं, म्हणून हा धागा.

मी त्यांची गोधडी करून घेतली. जुळे सोलापुरात एक मावशी शिवतात. चादर मधे घालू म्हटलं तर त्या म्हणाल्या, सोलापुरी चादरीवर अजून चार थर चढवले तर सुई जाणार नाही आणि गोधडी उचलायला दोन माणसं लागतील. मग चादरच खालची बाजू केली. वर शर्टाचे चौकोन, कडेला आईच्या लुगड्याचे काठ. मधे काही भरलं नाही. एक खिसा तसाच उघडा ठेवला, नातू त्यात गोट्या ठेवतो.

तुम्ही काय केलंत ते लिहा. ट्रंकेत ठेवलं असेल तर तेही लिहा.

पूर्वभाग
आमच्या घरात अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, तंबाखू, पानं. साडीचा मांडीवरचा भाग कायम तपकिरी, कितीही धुतला तरी वास जात नसे. ती गेल्यावर बहीण म्हणाली डागाचं कापड काढून टाकू. मी नाही म्हटलं. तेच तुकडे बरोबर मधोमध लावले. घर त्याच मांडीवर चाललं आमचं. नान्ना, म्हणजे वडील, मागावर होते, त्यांची लुंगी कडेला आहे. दोघांची मिळून एक.

शेंगाचटणी
पूर्वभाग 🙏 वाचून डोळे भरले. माझी आत्यापण विड्या वळायची, हात चालू आणि तोंडानं तेलुगूतून भांडण पण चालू

हुरडापार्टी
आमच्याकडे दहाव्यालाच सगळं वाटून टाकलं. गेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणतात. मोठ्या काकांनी सांगितलं आणि कुणी काही बोललं नाही. आज बाबांचा एक रुमालसुद्धा नाही. तुमच्या घरी चालतं का हे?

कंबरतलाव
चालतं. माझ्या मावशीनं विरोध केला होता, तर मी म्हटलं, अंगावरचं कापड नाही, अंथरूण करतेय. मग कुणी बोललं नाही. आणि तुम्ही वाटलेले कपडे ज्यांनी घातले असतील त्यांच्याकडे एखादा शर्ट अजून असेल बघा, विचारायला काय हरकत आहे.

मशीनवालीताई
मी शिवते म्हणून लिहिते, दुपारी मशीन बंद आहे तोवर. शिवायला देताना या गोष्टी बघा. सगळं आधी धुऊन घ्या, नाहीतर सुती कापड नंतर आटतं, टेरिकॉट आटत नाही आणि गोधडी सुरकुतते. काळं, लाल, इंडिगो असं वेगळं भिजवून रंग जातोय का बघा. टीशर्ट ताणला जातो, त्याला मागून बकरम (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावल्याशिवाय चौकोन सरळ येत नाही. सिल्कच्या जुन्या साड्या घडीवर फाटतात, त्यांना खाली सुती पट्टी द्या. हातानं घालायची असेल तर कडेपासून आत धावदोरा घालत या. जाड कापड असेल तर टाके घालण्यापेक्षा चार चार बोटांवर गाठी मारा.

आणि वास जपायचा असेल तर एक कपडा धुवू नका. पिशवीत बंद करून वेगळा ठेवा. धुतलं की वास गेला, परत येत नाही. बऱ्याच बायका नंतर रडतात.

बाळीवेस
आमच्या बाबांनी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजाची उंच काठी धरली, बरीच वर्षं. त्यांची बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, पांढरी, धुऊन धुऊन कागदासारखी झालेली. ती कापायची म्हणताच आई उठून गेली. बरोबरच होतं तिचं. चांगली बाराबंदी पुतण्याकडे गेली, तो आता ती घालून मिरवणुकीत जातो. जुनी फाटकी मात्र गोधडीला दिली. तिचे बंद कापले नाहीत, गोधडीच्या दोन्ही बाजू त्यांनीच बांधल्यात. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी आई ती गोधडी पांघरून टीव्हीवर बघते, गर्दीत जाववत नाही आता.

शेंगाचटणी
सात नंदीध्वज वर जाताना बघितलं की अंगावर काटा येतो, सोलापूर सोडलं तरी. पुण्यात कुणाला सांगून कळत नाही.

बार्शीकर
प्रश्न आहे की एवढ्या उन्हात गोधडी वापरता कुठे तुम्ही लोक 😄 44 डिग्री!

पूर्वभाग
खाली अंथरायला की ओ. पांघरायला कोण म्हणतंय. गच्चीवर टाकली की फरशीची धग लागत नाही.

उजनीचं_पाणी
अंथरायला ठीक पण धुवायचं काय. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड. एक गोधडी म्हणजे हौद रिकामा.

कन्नाचौक
सासूबाई 2021 मध्ये कोविडमध्ये गेल्या. आम्हाला शेवटचं बघायला मिळालं नाही. घरी आली ती फक्त पिशवी, त्यात चष्मा आणि गाऊन. बाकी काही आम्ही बघितलंच नाही, पण त्यांच्या रोजच्या कॉटनच्या साड्या कपाटात होत्या. मुलगी झाली तेव्हा त्यातली एक फाडून दुपटी शिवली. जुनं मऊ कापड, बाळाच्या अंगाला टोचत नाही. तिनं आजी बघितली नाही पण पहिली झोप आजीच्याच साडीत झाली. लांबलचक लिहिलं, कुकरची शिट्टी होतेय.

हुरडापार्टी
कंबरतलाव, तुमचं ऐकून काकांना फोन केला. म्हणाले गावाकडच्या घरी बाबांची बंडी आणि एक धोतर आहे, गड्याला दिलं होतं त्यानं जपून ठेवलंय. रविवारी जातो आणायला. त्यालाही काहीतरी न्यायला पाहिजे. आहेर नेऊ का नवं धोतर?

बाळीवेस
नवं धोतर जोडी आणि टोपी न्या. आणि तो गडी वयामुळे गोड खात नसेल तर पेंडखजूर नको, शेंगाचटणी न्या 😀

शेंगाचटणी
कुणी हाक मारली मला?

बार्शीकर
चादर कापली तर धागे निघत नाहीत का? आमच्याकडे बाबांच्या लग्नातली सोलापुरी आहे, कडा फाटल्यात. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आहे आमची, कुणाला फेकायला द्यायची नाही.

मशीनवालीताई
निघतात. कापायच्या आधी कापणार त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी मशीननं दुहेरी टीप मारा, मग कापा. पण मी सांगते, शक्यतो कापू नका. कडा फाटल्या असतील तर त्यावर सुती कापडाची पट्टी दुमडून शिवा, झालं. हुरडापार्टी, बंडी आल्यावर फोटो टाका. सुती आहे की टेरिकॉट ते बघून मागची बाजू कशाची करायची सांगते. धोतर सुती असेल तर त्याचीच मागची बाजू होईल, दुसरं काही विकत आणू नका.