४.७ जीबीची डिस्क आणि ४.५ जीबीची फाईल

कॉम्प्युटरवर ४.५ जीबी दिसणारी फाईल ४.७ जीबीच्या कोऱ्या डीव्हीडीवर का मावत नाही, असं तुम्ही विचारलंय. डिस्क खराब नाही, फरक मोजण्याचा आहे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं. त्या हिशेबाने डिस्कवर जेमतेम ४.३८ जीबीच जागा असते.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्क बहुतेकदा दुहेरी थराच्या, ८.५ जीबीच्या असतात. त्यातला सिनेमा ४.७ जीबीच्या, म्हणजे एकेरी थराच्या डिस्कवर बसवायचा तर चित्राचा दर्जा कमी करावा लागतो. माझं ऐका, तसं करू नका. आधी नको असलेले ऑडिओ ट्रॅक आणि जादाचे व्हिडिओ काढा. बऱ्याचदा तेवढ्यानेच बरीच जागा सुटते. नाहीतर सरळ दुहेरी थराची डिस्क घ्या.

आणि एकाच प्रतीवर विसंबू नका! घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. माझ्या भाचीच्या बारशाची डिस्क खिडकीजवळच्या कपाटात राहिली आणि अर्धं चित्रण कायमचं गेलं. त्यानंतर मी प्रत्येक डिस्कची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवतो.