पहिली पायरीच पार झाली नाही, तर मिडिएशन सोडून द्यायचं का?

ऋचा_बडोदे
पीएचडीसाठी मांजलपूर, कारेलीबागेतल्या 180 शिक्षिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. कामाचा ताण वाढला की घरी आल्यावरही डोक्यात शाळाच घोळते आणि त्यानं झोप बिघडते, अशी माझी मांडणी, म्हणजे मधल्या दुव्यातून होणारा परिणाम, मिडिएशन. हे दोन्ही दुवे सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असे) आहेत. ताण आणि झोपेचा एकूण संबंध मात्र येत नाही. मधल्या दुव्यातून होणारा परिणाम तपासणाऱ्या सोबेल चाचणीचा पी 0.07, म्हणजे नेहमीच्या 0.05 च्या मर्यादेवर. गाइड म्हणतात, बॅरन-केनींच्या पायऱ्यांच्या पद्धतीतली पहिली पायरीच, म्हणजे एकूण संबंधच नाही, विषय संपला. बायकांनी इतक्या मनापासून भरून दिलंय, टाकवत नाही.

दांडियाबाजार_मास्तर
ऋचाताई, विषय संपलेला नाही. 1986 ची ती अट आज बरेच अभ्यासक आवश्यक मानत नाहीत. ताणाची दुसरी वाटही असू शकते: दमलेली बाई अंथरुणाला पाठ टेकताच झोपते. एक वाट झोप बिघडवते, दुसरी आणते, बेरीज शून्याजवळ जाते.

तपासायचा तो दोन दुव्यांचा गुणाकार. सोबेल त्याचं वितरण नॉर्मल धरतो, पण ते बहुधा एका बाजूला कललेलं असतं. म्हणून बूटस्ट्रॅप करा. तुमच्याच 180 मधून, निवडलेली परत टाकत, 180 जणी उचलायच्या आणि गुणाकार काढायचा. असं 5000 वेळा. मधल्या 95 टक्क्यांत शून्य नसेल तर अप्रत्यक्ष परिणामाला आधार मिळतो. हेज यांच्या प्रोसेस मॅक्रोत (सांख्यिकी सॉफ्टवेअरला जोडायच्या प्रोग्रॅममध्ये) यासाठी मॉडेल 4 आहे. सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) लिहून ठेवा. सोबेलचा आकडाही प्रबंधात द्या, लपवू नका.

गाइडना फ्रिट्झ आणि मॅकिनन यांचा 2007 चा तक्ता दाखवा. दोन्ही दुवे लहान आणि थेट (मधल्या दुव्याशिवायचा) परिणाम शून्य असेल, तर 80 टक्के पॉवरसाठी (खरा परिणाम सापडण्याची शक्यता 80 टक्के असावी म्हणून) पायऱ्यांच्या पद्धतीला 20,886 माणसं लागतात, सोबेलला 667, पर्सेंटाइल बूटस्ट्रॅपला (मधले 95 टक्के बघायच्या वरच्या पद्धतीला) 558. प्रबंध करणाऱ्या कुठल्या मुलीनं वीस हजार माणसं आणायची?

मीनल_वाडी
मास्तरांचं पटलं. पण तिन्ही मापं एकाच दिवशी घेतलीत ना? झोप नीट नाही म्हणूनही विचार घोळत असतील. आकडे तसेही जुळतील, बूटस्ट्रॅप दिशा सांगत नाही.

ऋचा_बडोदे
मास्तर, केलं. मधल्या 95 टक्क्यांचा इंटरव्हल 0.01 ते 0.17, शून्य त्यात नाही. मीनलताई, हो, एकाच बैठकीत. त्याच शिक्षिकांची झोप पुन्हा मोजली तर? दिवाळीच्या सुट्टीत त्यांना वेळ असतो.

दांडियाबाजार_मास्तर
मोजाच, आणि नुसती झोप नको, तिन्ही मापं परत घ्या. आधीची झोप मॉडेलमध्ये धरता येईल. फक्त सुट्टीत नको. शाळाच बंद असेल तर शाळेचा ताण कुठून मोजाल?