ऑइल कॅपखालची पांढरी साय

मनालीच्या थंडीत रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ बाइकच्या ऑइल कॅपखाली पांढरी साय दिसली, तर घाबरू नका. या इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नसतंच, त्यामुळे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि हेडमधलं सील) फुटून ते ऑइलमध्ये शिरल्याचा संशय नको. ती थंडीने पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळलेली वाफ. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय हे पाणी नीट उडत नाही, आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तिथवर पोचतच नाही. उभ्या उभ्या तापवत बसू नका. मिनिटभरात निघा, पहिली दहा मिनिटं ४,००० आरपीएमच्या आत, मग सलग तासभर चालवा. ऑइल लवकर तापावं म्हणून ऑइल कूलर (ऑइल थंड करणारी पुढची जाळी) पुठ्ठ्याने निम्मा झाका, सिलिंडरच्या फिन्स (हवेने थंड होणाऱ्या पट्ट्या) मात्र मोकळ्या ठेवा. घाट उतरलात की पुठ्ठा आठवणीने काढा! साइट ग्लासमध्येही (ऑइलची पातळी दाखवणारी इंजिनावरची काच) ऑइल दुधाळ दिसलं, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.